चासी नंबर मागणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो

जाहिरात टाकून तासही होत नाही तोवर मेसेज येतो : "गाडी आहे का अजून?" आहे म्हटलं की लगेच दुसरा : "किंमत मान्य. फायनल समजा. फक्त चासी नंबर पाठवा, हिस्टरी बघून घेतो आणि उद्या पैसे घेऊनच येतो."

इथंच थांबायला हवं. जुनी गाडी घेणारा खरा माणूस आधी किती किलोमीटर झाले ते विचारतो, मग कितवा मालक, मग टायर, आणि शेवटी किंमत पाडायला बसतो. ज्याला घासाघीस करायची नाही, चालवून बघायची नाही, पण चासी नंबर मात्र आत्ताच्या आत्ता हवा आहे, त्याला गाडी नकोच असते. विकणाऱ्याला हे त्या क्षणी दिसत नाही, कारण "फायनल" हा शब्द कानाला फार गोड लागतो.

नंबर गेला की पाच मिनिटांत पुढचं येतं : "मला गाडीच्या हिस्टरीचा या साइटचाच रिपोर्ट लागतो, बाकीच्यांचे खोटे निघतात. तुम्ही काढून पाठवा, भेटलो की पैसे देतो." सोबत लिंक. साइट दिसायला चकाचक. नंबर टाकला की चक्र फिरतं आणि गाडीची कंपनी, मॉडेल, इंजिन, सगळं बरोबर येतं. खाली लाल अक्षरांत : "या गाडीच्या १४ नोंदी सापडल्या." त्या वाचायच्या तर कार्डाचे तपशील भरा. भरले की हाती येतात दोन-तीन पानं, ज्यात फुकट मिळणाऱ्या माहितीपलीकडे काही नसतं. गिऱ्हाईक गायब. पुष्कळदा पुढच्या महिन्यात कार्डावर पुन्हा रक्कम पडते, कारण बारीक अक्षरांत वर्गणी लावलेली असते.

ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं २०१८ मध्ये नेमक्या याच प्रकाराबद्दल विक्रेत्यांना सावध केलं होतं. तिथं अशा रिपोर्टसाठी सुमारे २० डॉलर उकळले जात होते आणि काही साइट पुढं "डॉट विन" अशा पत्त्यावर नेऊन सोडत होत्या. चासी नंबराचं इंग्रजी लघुरूपही विनच असल्यामुळे लोकांना ते अधिकृत वाटायचं. प्रत्यक्षात तो पत्ता दारूच्या व्यवसायासाठी काढलेला, कारण फ्रेंचमध्ये विन म्हणजे वाइन!

पण साइट खोटी असेल तर तिला मॉडेल आणि इंजिन कसं कळलं? त्यात जादू काही नाही. १७ अक्षर-अंकांच्या या नंबरातच ती माहिती कोंबलेली असते. पहिली तीन स्थानं कोणत्या देशातल्या कोणत्या उत्पादकाची गाडी ते सांगतात. चौथ्यापासून पुढं मॉडेल, बॉडी, इंजिनाचा प्रकार. उत्तर अमेरिकेतल्या पद्धतीत नववं स्थान तपासणीचा अंक, दहावं मॉडेलचं वर्ष, अकरावं कारखाना. शेवटची सहा म्हणजे त्या एका गाडीचा अनुक्रमांक. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. हे उलगडणारे डीकोडर सरकारी पातळीवरही फुकट मिळतात. तेव्हा कंपनी आणि इंजिन बरोबर आलं यावरून साइटकडे अपघाताच्या किंवा कर्जाच्या नोंदी आहेत असं सिद्ध होत नाही.

अशी साइट पकडायची एक सोपी युक्ती आहे. नंबराच्या जागी सतरा वेळा १ टाकून बघायचा. त्या तपासणीच्या अंकाचं गणित असं : प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आणि प्रत्येक स्थानाला ठरलेलं वजन असतं, दोन्ही गुणून सगळ्याची बेरीज करायची, ११ ने भागायचं, आणि उरेल ती बाकी नवव्या स्थानी असायला हवी. बाकी १० आली तर तिथं एक्स. सगळे १ असले की बेरीज नुसत्या वजनांची, म्हणजे ८९. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, बाकी १, आणि नवव्या स्थानीही १. गणितात पास, पण अशी गाडी कुठं नाही. खरी सेवा नोंद सापडली नाही म्हणून सांगते. जी साइट या नंबरालाही "रिपोर्ट तयार आहे, कार्ड टाका" म्हणते ती लगेच बंद करावी. याच गणिताची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या : तपासणीचा अंक टायपिंगची चूक पकडण्यासाठी आहे, चोर पकडण्यासाठी नाही. पूर्णपणे बनावट नंबरही त्यात बसवता येतो.

यावर कोणी म्हणेल, चासी नंबर तर पुढच्या काचेतून कुणालाही वाचता येतो, मग लपवायचं काय? बरोबर आहे. पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली पट्टी असते आणि दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं. नंबर हे काही गुपित नाही. धोका असतो तो नंबरासोबत जे जे जातं त्याचा : नंबर प्लेट, रंग, मॉडेल, मालकाचं नाव, पत्ता, नोंदणीच्या कागदाचा फोटो, सही. रस्त्यावर उभ्या गाडीतून हे सगळं एकत्र मिळत नाही, जाहिरातीतून आणि चार मेसेजमधून मिळतं.

क्लोनिंगला, म्हणजे एका गाडीची ओळख दुसरीला चिकटवायला, हेच लागतं. चोराकडे चोरीची गाडी असते, जी स्वतःच्या नंबरावर विकता येत नाही. तो जाहिरातींत तेच मॉडेल, तोच रंग, तेच वर्ष शोधतो. सापडलं की गिऱ्हाईक बनून चासी नंबर आणि कागदांचे फोटो मागतो, नव्या प्लेट आणि नवी पट्टी बनवतो, कागद तयार करतो. आता एका नंबराच्या दोन गाड्या रस्त्यावर. खऱ्या मालकाला हे कळतं ते कधीही न गेलेल्या गावाहून दंडाची पावती येते तेव्हा, नाहीतर विम्याच्या किंवा नावबदलाच्या वेळी काहीतरी अडतं तेव्हा.

चासी नंबरावरून डुप्लिकेट किल्ली बनवायचा प्रकार तुलनेनं कमी घडतो, पण घडलेला आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये दाखल झालेल्या एका खटल्यातल्या आरोपांनुसार, एका टोळीनं सॅन डिएगो भागातून सुमारे १५० जीप रँग्लर पळवल्या. आधी गाडीचा चासी नंबर टिपायचा, त्यावरून डेटाबेसमधून किल्लीचे कोड मिळवायचे, डुप्लिकेट किल्ली कापायची आणि रात्री येऊन ती हातातल्या यंत्रानं गाडीशी जुळवायची. त्यासाठी कुणाचा तरी डेटाबेसमध्ये शिरकाव लागतो, म्हणून नुसता नंबर दिला की गाडी गेली असं समजू नये. मात्र नंबर, गाडी रात्री कुठं उभी असते आणि किल्लीचा फोटो, या तिन्ही गोष्टी एकाच माणसाला देणं म्हणजे त्याचं अर्धं काम आपणच करणं. किल्लीच्या पात्याचे खाचे स्पष्ट फोटोवरून मोजता येतात. नव्या गाडीसोबत काही वेळा किल्लीच्या कोडाची छोटी पत्र्याची चकती येते, तीही फोटोत नको.

सगळ्यात वाईट मात्र तिघांचा डाव. ठग तुमचे फोटो आणि चासी नंबर घेऊन तीच गाडी कमी किमतीत स्वतःच्या जाहिरातीत टाकतो. खरा घेणारा त्या नंबरावर रिपोर्ट काढतो. रिपोर्ट खरा, कारण नंबर खरा. मग ठग तुम्हाला सांगतो, "माझा मेहुणा गाडी बघायला येतोय. त्याच्याशी पैशाचं बोलू नका, आमचा जुना हिशेब आहे." आणि घेणाऱ्याला सांगतो, "गाडी दाखवणारा माझा माणूस आहे, त्याला किंमत माहीत नाही." दोघं गाडीशेजारी उभे राहून इंजिन ऐकतात, चासी नंबर कागदाशी जुळवतात, आणि घेणारा समाधानानं पैसे पाठवतो. ते जातात ठगाच्या खात्यात. तुम्हाला पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट येतो. समोरचा किल्ली मागतो, तुम्ही म्हणता पैसे आले नाहीत, आणि दोन प्रामाणिक माणसं एकमेकांना चोर ठरवतात. उपाय फुकटचा आहे : जो गाडी बघायला येतो त्यालाच विचारायचं, "तुम्हाला किंमत किती सांगितली? पैसे कुणाच्या नावावर पाठवणार?" किमतीचं बोलू नका असं कुणी बजावलं असेल तर हा प्रश्न पहिला.

आता नंबर द्यायचाच नाही का? द्यायचा, पण टप्प्यानं. प्रामाणिक घेणाऱ्यालाही तो लागतो : रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीनं गाडी परत बोलावणं) बाकी आहे का, गाडीवर कर्ज आहे का, विमा किती पडेल, हे पूर्ण नंबरावरून नीट बघता येतं. फोनवर किंवा मेसेजवर पहिली ११ स्थानं पुरतात, त्यातून मॉडेल, इंजिन आणि वर्ष पडताळता येतं. शेवटची सहा भेटीत, गाडीपाशी, त्यानं स्वतः काचेतून वाचून कागदाशी जुळवावीत. रिपोर्ट हवा तर तिथंच उभं राहून त्याच्या फोनवर, त्याच्या कार्डावर काढू दे. रिपोर्टला फक्त नंबर लागतो, विकणाऱ्याचं कार्ड लागत नाही, एवढं ध्यानात राहिलं तर पहिल्या प्रकारची फसवणूक जागेवरच मोडते. भरवशाच्या ठिकाणाहून स्वतःच रिपोर्ट काढून ठेवणं त्याहून बरं. तो दाखवूनही "नाही, माझ्याच साइटचा" असा हट्ट धरणाऱ्याला ब्लॉक करायला हरकत नाही. "तुम्ही खरे आहात ना, फोनवर आलेला कोड सांगा" म्हणणाऱ्यालाही तेच.

नोंदणीच्या कागदाचा फोटो, ओळखपत्र आणि कोऱ्या नावबदल फॉर्मवरची सही, या तीन गोष्टी व्यवहार होईपर्यंत कुणालाही नाहीत.

फोटोंत काय झाकायचं यात लोक हमखास चुकतात. फोनमधल्या मार्करनं काळं केलेलं पुष्कळदा अर्धपारदर्शक असतं, उजेड वाढवला की खालचे आकडे दिसतात. पीडीएफवर टाकलेला काळा चौकोन काही वेळा नुसता उचलून बाजूला करता येतो. म्हणून काचेखालच्या पट्टीवर आणि प्लेटवर कागद ठेवूनच फोटो काढावा. दार उघडं ठेवून आतला फोटो घेताना चौकटीवरचं स्टिकर येतं, ते बहुतेक जण विसरतात. फोटोत ठिकाण नोंदवणारी सेटिंगही आधी बंद करावी.

आणि नंबर आधीच देऊन बसला असाल तर? नुसता नंबर गेला असेल तर घाबरण्यासारखं फार नाही. कार्ड दिलं असेल तर बँकेला सांगून ते त्याच दिवशी बंद करा आणि रकमेवर तक्रार नोंदवा. मेसेज, फोन नंबर आणि साइटचा पूर्ण पत्ता यांचे स्क्रीनशॉट आधी घ्या, कारण चॅट पुसली जाते. कागदांचे फोटोही गेले असतील तर पोलिसांत, नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी कळवून पोच घ्या. मग गाडीचे चारही बाजूंनी फोटो घ्या : ओडोमीटर, चाकं, काचेवरची स्टिकरं, प्रत्येक ओरखडा. परक्या गावचा दंड आला तर कटकट नको म्हणून भरून टाकू नका, मुदतीत हरकत घ्या आणि कॅमेऱ्याचा मूळ फोटो मागा. क्लोन करणारा प्लेट हुबेहूब बनवतो, पण तुमच्या मागच्या बंपरवरचा पोचा, वेगळी चाकं किंवा उखडलेलं स्टिकर त्याच्या गाडीवर नसतं. दोन्ही फोटो शेजारीशेजारी छापून हरकतीच्या अर्जाला जोडा.