मॉन्स्टर नापसंत, पण पुस्तकात हजर

टेबलटॉप रोलप्लेइंगच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत फाशांनी खेळायच्या खेळाच्या, पुस्तकासाठी ‘नवे मॉन्स्टर पाठवा’ असं आवाहन आलं की पुण्यातली गेम चालवणारी, चित्रं काढणारी पोरं रात्री जागून डझनभर मॉन्स्टर उभे करतात. त्यातल्या एकाचा चकवा कसा गेला ते बघा.

वेताळ टेकडीवर तिन्हीसांजेला वाट चुकवणारा, उलट्या पावलांचा हा चकवा. आकार लार्ज, चॅलेंज रेटिंग, म्हणजे हरवायला किती अवघड त्याचा आकडा, ३. प्रकाशकाने मागितलं काय? पूर्ण स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरच्या ताकदीचे सगळे आकडे), तीनशे शब्दांचं वर्णन, छपाईला चालेल असं ३०० डीपीआयचं चित्र आणि ‘संपादनाला सोपं जावं म्हणून’ लेयर्ससकट, म्हणजे चित्राच्या सुट्या थरांसकट, मूळ फाइल. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या! तीन आठवड्यांनी ‘या वेळी निवड झाली नाही’ असा गोड मेल. चार महिन्यांनी विकतच्या पीडीएफमध्ये तोच प्राणी, नाव ‘वाटभुल्या’, निळ्याचा हिरवा केलेला.

चोरी सापडली ती हिशोबातल्या चुकीमुळे. कॉन्स्टिट्यूशन (अंगातला काटकपणा) १४ म्हणजे प्रत्येक डायमागे, फाशामागे, +२. ७डी१०+१४, म्हणजे सात दहा-बाजूंचे फासे अधिक १४, याची सरासरी अपूर्णांक सोडून येते ५२. तेच हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा. मूळ लेखकाने आधी कॉन्स्टिट्यूशन १६, म्हणजे डायमागे +३, धरलं होतं, तेव्हाचे ५९ हिट पॉइंट्स बदलायचे राहून गेले. वाटभुल्याचंही कॉन्स्टिट्यूशन १४ आणि हिट पॉइंट्स ५९. नाव बदललं, रंग बदलला, बेरीज तपासायचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

जाब विचारल्यावर दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, ‘आकड्यांवर आणि भुताखेतांवर कॉपीराइट नसतो.’ हे अर्धंच खरं. चकवा ही कल्पना कुणाच्या बापाची नाही, पण तुमच्या वर्णनाची वाक्यं आणि तुमचं चित्र तुमचंच. दुसरं, ‘फॉर्मच्या अटीतच होतं, पाठवलेलं साहित्य आमच्या मालकीचं.’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा: हक्क द्यायचे तर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच, कुठलं काम, कुठले हक्क, किती मोबदला हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही लेखक म्हणून नावावरचा दावा उरतोच. फॉर्मवरची टिक म्हणजे सही का, यावर भांडायला भरपूर जागा आहे. फक्त भांडण वकिलाची फी भरून करावं लागतं.

दुसरा प्रकार सरळ पैशाचा. ‘निवड झाली, आता लायसन्स फी आणि ५०० च्या स्टॅम्पपेपरचा खर्च पाठवा.’ डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१, म्हणजे इतरांना वापरता येणारा मूळ नियमांचा संच, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्यूशन ४.० या खुल्या परवान्याखाली फुकट आहे. ठरलेली श्रेयाची ओळ छापली की झालं. लिहिणाऱ्याकडून फी मागणारा प्रकाशक, प्रकाशक नव्हेच. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

आधी पाठवायचं ते इतकंच: नाव, दोन ओळींची कल्पना, चॅलेंज रेटिंग, एखादी खास क्षमता आणि हजार पिक्सेलची जेपीईजी. सही कोपऱ्यात नको, तिथून ती कापता येते. अंगावरच्या खवल्यांत किंवा केसांत मिसळा. स्टॅट ब्लॉक आणि मोठं चित्र सही झालेल्या करारानंतर, लेयर्सची फाइल शक्यतो कधीच नाही. करारात दर मॉन्स्टरमागे रक्कम, ती देण्याची तारीख, श्रेय कुठे छापणार आणि न छापल्यास हक्क कधी परत, हे बघा. ‘छापल्यावर बघू’ म्हणजे पैसे नाहीत.

नोंदणी केली नाही तरी कॉपीराइट असतोच, पण पुरावा म्हणून ती कामी येते. सरकारी शुल्क एका कामाला ५०० रुपये. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. बाराही वर्णनांचं एक हस्तलिखित करून नोंदवलं तर खर्च आटोक्यात राहतो, चित्रं वेगळी नोंदवावी लागतात. तोवर तारखांसकट कच्ची रेखाटनं जपा, खोडलेले आकडेसुद्धा. पीडीएफ अमेरिकी दुकानात विकली जात असेल तर तिथे डीएमसीए नोटीस (अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली चोरीचा माल काढून टाकायची मागणी) द्या आणि सोबत दोन्ही चित्रं, दोन्ही स्टॅट ब्लॉक शेजारी-शेजारी लावा. ५९ च्या आकड्याभोवती लाल गोल करायला विसरू नका.