वाडीवर नजर ठेवायला: फ्रिगेट की मेगाडिटेक्टर?

वाडीत आरटीएसपी (नेटवर्कवरून थेट व्हिडिओ) देणारा कॅमेरा आधीच बसलाय आणि समोर काय आलंय ते ओळखायचं काम आता संगणकावर टाकायचंय, असं धरून चालतो. त्यासाठीची फ्रिगेट आणि मेगाडिटेक्टर ही दोन्ही सॉफ्टवेअरं मी वापरून पाहिली.

फ्रिगेट मांडायला सोपं. आधी हालचाल टिपतं, मगच ओळखायला घेतं, म्हणून लहानशा मिनी पीसीवरही निभावतं. झोन (चित्रातला ठरावीक भागच बघायची सोय), रेकॉर्डिंग, होम असिस्टंट या घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी, सगळं तयार मिळतं. गेट, अंगण आणि गाडी एवढंच बघायचं असेल तर डोळे मिटून तेच घ्या.

माझं घोडं अडलं वानरांपाशी. फ्रिगेटसोबत येणारं, चित्रातलं काय ते ओळखणारं मॉडेल 'कोको' या चित्रसंग्रहावर शिकलेलं असतं. त्यात ८० प्रकार, पैकी प्राणी १०. झेब्रा आहे, जिराफ आहे. माकड नाही, रानडुक्करही नाही. म्हणजे गुहागरात जिराफ आला तर फोन वाजेल, पण माडावर चढलेल्या टोळीला नावच नाही. मग कधी 'कुत्रा', कधी 'माणूस', बहुतेक वेळा काहीच नाही. त्यातही 'माणूस' वाईट: भर दुपारी घरचे काठी घेऊन चोर शोधायला निघायचे, आणि चोर वर बसून शहाळी टाकायचे. खात्रीची मर्यादा (मॉडेलला किती खात्री असली की ओळख धरायची तो आकडा) वरखाली करून फार फरक पडला नाही.

मायक्रोसॉफ्टमध्ये सुरू झालेलं मेगाडिटेक्टर जंगलातल्या कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवर शिकलंय. त्याला तीनच गोष्टी कळतात: प्राणी, माणूस, वाहन. जात विचारत नाही, आणि मला तेवढंच हवं होतं.

कटकटी आहेतच. ते स्थिर फोटोंसाठी आहे, त्यामुळे कॅमेऱ्यातून फोटो काढून देणारी स्क्रिप्ट आपणच लिहायची. २०२२ची पाचवी आवृत्ती ग्राफिक्स कार्डाशिवाय रेंगाळते. सहावीत हलकी मॉडेलं आलीत. शेजाऱ्यांची म्हैसही 'प्राणी'च. त्यावर माझा उपाय ओबडधोबड आहे: दिवसा प्राण्याभोवती मॉडेलने आखलेली चौकट कौलांच्या वर दिसली तरच फोन वाजतो, रात्री डुकरांसाठी कुठेही.

तुमच्याकडे वानरांचा त्रास नसेल तर कदाचित हा सगळा खटाटोप नकोच. असेल, तर मी मेगाडिटेक्टरच्या बाजूने. पाचवी आवृत्ती घेतलीत तर खात्रीची मर्यादा ०.२ च्या आसपास ठेवा. तिचे आकडे कमीच येतात, ०.८ ची वाट बघाल तर नारळ गेले.