मुंग्यांच्या औषधापायी ११,५०० रुपये गेले. तो माणूस अजून फिरून राहिला आहे

अकरा हजार पाचशे रुपये. त्यातले ८,००० फोनवरून, ३,५०० रोख. ते परत येत नाहीत हे मला दिसतंय. पण तोच माणूस आमच्या पट्ट्यात अजून गावोगाव हिंडून राहिला आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो.

ज्यांचं शेडनेट आहे त्यांना सांगायला नको. पहिले पाऊस झाले, बिळांत पाणी शिरलं, की मुंग्या कोरडी जागा धरतात. मल्चिंग पेपरखाली, कोकोपीटच्या ट्रेमध्ये, आणि मग घरात. आमच्याकडे गुळाच्या डब्यापासून देवघरापर्यंत ओळ लागली होती. शेडमध्ये दहा गुंठे काकडी, तिथंही वेलाच्या शेंड्यापर्यंत मुंग्या. घरात रोज त्यावरून बोलणी. अशात कोणी दारात येऊन 'भाऊ, मुंग्यांचा बंदोबस्त करून देतो' म्हटलं, तर त्याला पाणी विचारणार नाही असा कास्तकार मला दाखवा.

आधी तो ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसला होता. चार लोकांसमोर, गळ्यात ओळखपत्र, हातात विद्यापीठाच्या शिफारशीची रंगीत झेरॉक्स. ओसरीवर बसू दिलं म्हणजे कोणीतरी चौकशी केली असेल असंच कोणालाही वाटेल. केली कोणीच नव्हती.

घरी आल्यावर त्यानं ओट्याच्या कडेनं चाललेल्या ओळीवर झाकणभर औषध ओतलं. मुंग्या जागच्या जागी वळवळल्या, पाय पोटाशी आखडले, आणि मिनिटभरात सगळ्या निपचित. 'पूर्ण वनस्पतीजन्य, भाऊ. लहान लेकरू प्यायलं तरी काही होत नाही.' आता सांगतो, भांड्याच्या साबणाचं पाणी ओतलं तरी समोरच्या मुंग्या मरतात. दिसते ती मुंगी चारा न्यायला बाहेर पडलेली असते. राणी बिळात बसून अंडी घालतच असते, आणि तिला या ओतण्यानं काही फरक पडत नाही.

आणि हे मला रात्री अजून झोपू देत नाही: लेकरू प्यायलं तरी चालतं म्हणणाऱ्या त्या माणसानं झाकण उघडण्याआधी हातात रबरी मोजे घातले आणि नाकावर रुमाल बांधला. माझ्या डोळ्यांसमोर! वास रॉकेलसारखा उग्र. मी विचारलंही, मोजे काहून? म्हणे, कंपनीचा नियम आहे. मग पैशाच्या वेळी त्यानं स्कॅनरचं कार्ड पुढं केलं, तर माझ्या फोनवर कंपनीऐवजी कुठल्यातरी किराणा दुकानाचं नाव आलं. बोट बटणावर होतं. 'आमच्या डीलरचं खातं आहे', तो म्हणाला. बायको उभी, शेजारी उभा, गावातल्या दोघांनी आधीच घेतलेलं. त्या घडीला बटण दाबायचं नाही तर काय करायचं होतं, सांगा. तुमच्या फोनवर भलतंच नाव आलं तर पुढं जाऊ नका, समोर कोण उभं आहे ते पाहू नका.

हिशेब असा. औषध सहा लिटर, १,१५० प्रमाणे ६,९००. मातीत टाकायच्या पावडरच्या चार पिशव्या, ८५० प्रमाणे ३,४००. तीन वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड आणि 'तपासणी फी' १,५००. बेरीज ११,८००, त्यातून ३०० सोडून दिले. उपकारच केले म्हणायचे.

आठवडाही टिकलं नाही. घरातल्या मुंग्या ओटा सोडून खिडकीच्या चौकटीतून यायला लागल्या. शेडमध्ये त्याहून वाईट झालं. फवारलेल्या ओळींची पानं कडेनं करपली. मावा खाणारे ढालकिडे मेले, मावा मात्र वाढला. मुंग्या वेलावर चढतात त्या माव्याच्या आणि पिठ्या ढेकणाच्या अंगातून गळणाऱ्या गोड चिकट्यासाठी. त्यासाठी त्या माव्याची राखणही करतात. मावा तसाच ठेवून मुंग्यांवर कितीही पैसे ओता, त्या परत येणार. हे मला नंतर कृषी विज्ञान केंद्रातल्या एका बाईंनी फुकटात सांगितलं.

वॉरंटी कार्डावरचा नंबर तोवर बंद झाला होता.

आता सरकारी कथा ऐका. तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो, नाव लिहीत नाही. पहिला प्रश्न: पक्कं बिल? कार्ड दाखवलं. म्हणे, हे बिल नाही. बरं, बाटली तपासा. म्हणे, तुम्ही उघडली, उघड्या बाटलीचा नमुना चालत नाही. अहो, न उघडता फवारू कसं? आणि माझ्या बाटलीवर नोंदणी क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही, विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोणही नाही. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे. २०१७ मध्ये याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली. एवढं होऊन कोणीही डब्यात काहीही भरून दारोदार विकतो, आणि कागद मागतात माझ्याकडे! पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून वाट दाखवली. बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखांपर्यंत फी नाही. फी नाही हो, पण समोरच्याचा पत्ता लागतो. कोणाचा टाकू? किराणा दुकानाचा? तुमचे पैसे असे फोनवरून गेले तर त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा. मी वॉरंटीवर विसंबून होतो, त्यात वेळ गेला.

'वनस्पतीजन्य आहे, नोंदणी लागत नाही' हे कोणी म्हटलं तर त्याला हाकला. निंबोळीच्या कीटकनाशकालाही नोंदणी लागते. दारावर औषध घेऊच नका. परवाना भिंतीवर टांगलेल्या दुकानातून घ्या, बिलावर बॅच नंबर लिहून घ्या.

मला शेवटी लागू पडलं ते स्वस्तातलं. औषधाच्या दुकानातली बोरिक पावडर, कॅरमवर टाकायचे तीच. डब्यावर बोरिक ॲसिड लिहिलेलं पाहून घ्या. शंभर मिली कोमट पाण्यात एक ग्रॅम पावडर, दहा ग्रॅम साखर, कापसाचा बोळा भिजवून ओळीच्या वाटेवर. पावडर जास्त टाकू नका, मुंगी वाटेतच मरते. कमी असली तर ती गोड पाणी बिळात नेते, राणीपर्यंत. दिवस लागतात, पहिल्यांदा गर्दी वाढते, घाबरू नका. लेकरं आणि जनावरांपासून दूर ठेवा, हेही विषच आहे. काकडीवर निंबोळी अर्क, पानाच्या खालून.

त्याचे दोन लिटर अजून गोठ्याच्या माळ्यावर कुलपात आहेत. ते नाल्यात ओतू नका, असं कृषी कार्यालयानं बजावलं. मी म्हटलं, मग तुम्हीच घेऊन जा. म्हणाले, पक्कं बिल आणा.