हिरवं कुलूप: सहा महिने अनपेवॉल वापरल्यावर

दिवाळी अंकासाठी विश्वामित्री नदीतल्या मगरींवर लेख कबूल करून बसले आणि पहिल्याच संध्याकाळी अडले. २०२४च्या ऑगस्टात पुराबरोबर मगरी बडोद्याच्या रस्त्यांवर आल्या, ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण मगर अंडी कुठल्या काठावर घालते, ते ऐकीव माहितीवर कसं लिहिणार? हवा तो शोधनिबंध सापडला, खाली किंमत: ३९.९५ डॉलर. म्हणजे तीन हजारांच्या वर. माझं मानधनही तेवढं नाही!

भाची म्हणाली, "मावशी, क्रोममध्ये अनपेवॉल टाक." टाकलं. ब्राउझरला जोडायचं छोटं साधन, निबंधाची मोफत प्रत कुठे आहे का ते शोधतं. फुकट आहे. निबंधाचं पान उघडलं की उजव्या कडेला कुलपाची छोटी पट्टी येते. हिरवी असली तर दाबायची, राखाडी असली तर गप्प बसायचं. चोरीच्या प्रती हे दाखवत नाही. लेखकाने किंवा प्रकाशकाने स्वतः खुल्या ठेवलेल्याच शोधून देतं.

माझ्या मगरीला हिरवं लागलं. उघडलं तर टाइप केलेलं हस्तलिखित! ओळीओळीला नंबर, नकाशे सगळे शेवटी कोंबलेले, आणि पानांचे आकडे छापील अंकाशी जुळत नाहीत. संदर्भ देताना पंचाईत.

ती प्रत तिथे येते कशी, हे भाचीकडूनच कळलं. तिचा निबंध स्वीकारला गेला तेव्हा जर्नलने विचारलं, सगळ्यांना खुला हवा का? मग दोन हजार डॉलर भरा. ('नेचर'ने २०२१पासून याच कामाचे साडेनऊ हजार युरो लावले, तेव्हा हे स्वस्तच म्हणायचं.) तिने नकार दिला, वर्षभर प्रत खुली करायची नाही ही जर्नलची अट संपेपर्यंत थांबली आणि आपलं हस्तलिखित विद्यापीठाच्या संग्रहात चढवलं. माझ्यासारखीला फुकट मिळतं ते कुणाच्या तरी अशा खटपटीमुळे.

सयाजीरावांच्या काळी फिरत्या वाचनालयाच्या पेट्या खेड्यांत जायच्या, खर्च संस्थानचा. आता केंद्र सरकारने जर्नल्सची वर्गणी एकत्र भरायच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी दिलेत, जवळपास १३,००० जर्नल्स त्यात आहेत. पण ती सोय सरकारी संस्थांतल्यांना. मी खाजगी कॉलेजात ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, म्हणजे दाराबाहेरच. भरला जातो तो कर माझाही आहे, हे जाता जाता.

पाचात चार तारे. एक पान क्रमांकांपायी कापला. जुन्या निबंधांवर मला बहुतेक राखाडीच लागतं. त्यातला एक मी लेखकालाच ईमेल करून मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, स्कॅन केलेला, समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसकट.