क्षेत्रकार्याची वही आणि संस्थेचा अहवाल: एका प्रशिक्षणवर्गाविषयी

मानवशास्त्रात एम. ए. करून सामाजिक संस्थांमध्ये रुजू झालेल्यांसाठी पुण्यात भरलेल्या, क्षेत्रकार्यावरच्या (म्हणजे लोकांत जाऊन, प्रत्यक्ष पाहून माहिती टिपण्यावरच्या) दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाला मी नुकतीच हजेरी लावली.

पहिल्या दिवशीचा सराव सर्वांत मोलाचा होता. प्रत्येकाने अमृततुल्यात वीस मिनिटे बसून जे दिसले तेवढेच टिपायचे होते. माझ्या वहीतला ‘मालक चिडलेला होता’ हा शेरा प्रशिक्षिकाबाईंनी खोडला आणि ‘दिसले काय?’ असे विचारले, तेव्हा लक्षात आले की त्याने सुटे पैसे काउंटरवर आपटले होते, एवढेच मी पाहिले होते. प्रश्नावलीत ‘शौचालय आहे’ अशी खूण होते, पण आत सरपण रचलेले आहे हे दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही, हा मुद्दाही त्यांनी नेमका मांडला.

उदाहरणादाखल राणी व अभय बंग या डॉक्टर दांपत्याचा गडचिरोलीतील दोन गावांतला १९८९ सालचा अभ्यास घेतला होता. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. हा अभ्यास वैद्यकीय खरा, तरीही न बोलले जाणारे दुखणे कसे गाठावे, हे त्यावरून चांगले उमगते.

उणीव एकच, पण मोठी आहे. देणगीदारांना पंधरा दिवसांत अहवाल हवा असतो आणि आम्हाला सहा महिने गावात राहायची सवय असते. ही खरी अडचण शेवटच्या अर्ध्या तासात उरकली गेली. नवख्यांच्या पगाराच्या मानाने शुल्कही जडच वाटले.