स्टार्ट, बिगिन की कमेन्स?

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने नोकरीचा अर्ज तपासायला आणला. दुसऱ्याच ओळीत तीन शब्दांची झटापट दिसत होती. आधी ‘स्टार्टेड’ लिहून खोडलेलं, त्याच्यावर ‘बिगॅन’, तेही खोडून शेवटी ठळक अक्षरांत ‘कमेन्स्ड’. वाक्य काय, तर ‘आय कमेन्स्ड लर्निंग टायपिंग’. का खोडलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मॅडम, स्टार्ट फारच साधं वाटतं हो.”

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा हा समज मला मनापासून खटकतो. शब्द साधा म्हणून हलका होत नाही. या तिघांत सगळ्यांत जास्त कामं स्टार्टच करतो, आणि त्यातली कित्येक बाकीच्या दोघांना जमतही नाहीत. निवड करताना इंग्रजी नियम आठवत बसण्याआधी आपल्या मनात मराठी क्रियापद कोणतं आलं, तेवढं बघा. बरंचसं उत्तर तिथेच मिळतं.

मनात ‘चालू करणे’ आलं, तर डोळे मिटून स्टार्ट. गाडी, मिक्सर, जनरेटर, संगणक, सगळ्यांना तोच. विहिरीवरच्या मोटरीची पेटी आठवा. हिरवं बटण दाबलं की खटका बसतो, मोटर गुरगुरते आणि थोड्या वेळाने पाइपातून पाणी येतं. त्या पेटीला गावात सगळे ‘स्टार्टर’च म्हणतात. म्हणजे हा फरक आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी कधीचाच आहे. ‘आय बिगॅन माय बाइक’ इंग्रजीत चालत नाही, आणि ‘कमेन्स’ तर त्याहून नाही.

मनात ‘निघणे’ आलं तरीही स्टार्ट. ‘आम्ही पहाटे पाचला निघालो’ याला ‘वी स्टार्टेड ॲट फाइव्ह’ पुरतं. तिथे ‘वी बिगॅन ॲट फाइव्ह’ म्हणालात, तर ऐकणारा विचारेल, कशाला सुरुवात केलीत? आणि एखादी गोष्ट कुणीतरी घडवून आणली असेल, म्हणजे आग लावली, अफवा उठवली, भांडण उकरून काढलं, धंदा टाकला, तर त्या ‘कुणीतरी’साठी स्टार्टच शोभतो. ‘हू स्टार्टेड द फायर?’ इथे बिगिन लावून बघा, वाक्य लंगडतं.

असं का, ते या शब्दाच्या जुन्या अर्थात दडलंय. जुन्या इंग्रजीत याच्या मुळाशी उडी मारणं, एकदम झेपावणं असा अर्थ होता. ‘सुरू करणे’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. घाबरवणं या अर्थाचा ‘स्टार्टल’ त्याच घरातला. म्हणूनच ‘शी वोक विथ अ स्टार्ट’ म्हणजे ती दचकून जागी झाली. गोष्टीच्या पुस्तकात हे वाक्य आलं की मुलं अडतात, कारण शब्दाचा एकच अर्थ पाठ केलेला असतो. शर्यतीतही हीच झेप आहे. 2011 साली देगूच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत 100 मीटरच्या अंतिम फेरीत उसेन बोल्ट बंदुकीच्या आवाजाआधीच सुटला आणि थेट बाद झाला. त्याला ‘फॉल्स स्टार्ट’ म्हणतात. ‘फॉल्स बिगिनिंग’ तिथे कुणी म्हणणार नाही.

बिगिनची चाल वेगळी. आपलं ‘लागणे’ मनात आलं की तो आठवावा. पाऊस पडू लागला, मला कळू लागलं, बाळ रांगू लागलं. ‘इट बिगॅन टू रेन’, ‘आय बिगॅन टू अंडरस्टँड’. इथे स्टार्टही चूक नाही, बोलताना लोक सर्रास वापरतात. पण हळूहळू उलगडणारी गोष्ट लिहायची असेल तर मी बिगिनच घेईन. दोन खड्डे मात्र सांभाळा. एक, ‘अंडरस्टँड’ (समजणे), ‘नो’ (माहीत असणे) असल्या मनातल्या क्रियांआधी दोन्ही शब्दांना ‘टू’ लावा, ‘बिगॅन अंडरस्टँडिंग’ नको. दुसरा, ‘बिगॅन’ आणि ‘बिगन’ यांची अदलाबदल. ‘हॅव’ आला की ‘बिगन’च. रूपांची खात्री नसेल तर सरळ ‘स्टार्टेड’ लिहा, तिथे घोळच होत नाही.

आता कमेन्स. हा फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन घराण्याचा, आणि त्याची जागा कागदावर. आपला ‘प्रारंभ’ जिथे बसतो तिथेच हाही बसतो. कायद्याच्या पहिल्या कलमात संक्षिप्त नावासोबत ‘प्रारंभ’ असतो, तो इंग्रजी प्रतीत ‘कमेन्समेंट’. संविधानाचं कलम 394 हेच सांगतं. नागरिकत्वाची आणि इतर काही मोजकी कलमं ताबडतोब लागू झाली, बाकीची 26 जानेवारी 1950 ला, आणि तो दिवस म्हणजे संविधानाचा ‘कमेन्समेंट’. तिथे ‘स्टार्ट’ कुणी लिहिणार नाही, कारण कायद्यात नेमका दिवस बांधून द्यायचा असतो. परीक्षेचं वेळापत्रक, निविदा, करारनामा इथेही कमेन्स शोभतो. स्वतःविषयी लिहिताना मात्र तो उसना कोट घातल्यासारखा दिसतो. अमेरिकेत ‘कमेन्समेंट’ म्हणजे पदवीदान समारंभ, एवढं लक्षात असू द्या. तिकडच्या विद्यापीठाचं पत्र वाचताना गोंधळ होणार नाही.

कॉलेजच्या सूचनाफलकांवर हमखास दिसणारी एक ओळ म्हणजे ‘क्लासेस विल कमेन्स फ्रॉम मंडे’. हा ‘फ्रॉम’ आपल्या ‘सोमवारपासून’मधला आहे. मराठीत ‘पासून’ अगदी बरोबर, पण इंग्रजीत सुरुवात एका दिवशी होते, म्हणून ‘ऑन मंडे’. शब्द तिघांतला कुठलाही घ्या, ही दुरुस्ती तिघांनाही लागू आहे. भारतात ‘फ्रॉम’ सगळ्यांना कळतो, पण परदेशी अर्ज करणाऱ्याने तो टाळावा.

त्या मुलीच्या अर्जात शेवटी आम्ही ‘आय स्टार्टेड लर्निंग टायपिंग’ ठेवलं. मग मी तिला विचारलं, मुलाखतीत शेवटी काय विचारतात, ठाऊक आहे का? ‘व्हेन कॅन यू स्टार्ट?’ कामावर कधी रुजू होशील, एवढाच त्याचा अर्थ. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “आय कॅन स्टार्ट ऑन मंडे.”