बोर्दोची वाट पाहावी की रोनची बाटली उघडावी?

नाशिकची किंवा ऑस्ट्रेलियाची शिराझ पिऊन ज्यांची जीभ तयार झाली आहे आणि ज्यांना आता फ्रान्सच्या रेड वाईनकडे वळायचे आहे, त्यांच्यापुढे बहुतेक वेळा पहिले नाव येते ते बोर्दो या प्रदेशाचे. माझ्यापुढेही तेच आले. नोकरीनिमित्त ल्यों येथे राहायला आल्यावर पहिली दोन वर्षे मी जवळजवळ बोर्दोच विकत घेत होतो, आणि तासाभराच्या अंतरावर असलेल्या रोन नदीकाठच्या मळ्यांकडे माझे लक्षही गेले नव्हते.

बोर्दोच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. नदीच्या डाव्या तीरावर मेदोकच्या खडेमिश्रित जमिनीत काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष, उजवीकडे सेंत-एमिलियों आणि पोमरोल येथे मुख्यतः मेर्लो हे द्राक्ष, आणि या दोहोंना कमीअधिक प्रमाणात एकत्र आणण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब, यांतून त्या वाईनला जो बांधेसूदपणा येतो तो इतरत्र सहसा सापडत नाही. दहा-बारा वर्षे नीट ठेवलेली मेदोकची बाटली उघडली की देवदाराच्या लाकडाचा, पेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास दरवळतो, आणि तो अनुभव मी कमी लेखणार नाही. मात्र हा प्रदेश घाई जाणत नाही. १८५५ साली तेथील वाईनच्या पाच श्रेणी ठरल्या आणि त्यानंतर दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत बढती मिळाली ती फक्त मुतों-रोतशिल्ड या मळ्याला, तीही १९७३ साली. बाटलीचा स्वभावही असाच असतो.

माझा निर्णय झाला तो एका बुधवारी. घरी सुके मटण होते, तेही वऱ्हाडी हाताचे, आणि मी चार वर्षांची, दुकानदाराने आग्रहाने दिलेली मेदोकची बाटली काढली. सव्वासातला बूच काढले, वाईन हवा लागावी म्हणून कॅराफमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतली, आठ वाजता जेवायला बसलो. पहिला घोट घेताच हिरड्या अशा आवळल्या गेल्या की जणू कच्ची सुपारी चघळली होती. त्या तुरटपणावर मटणाचा तिखटपणा चढला आणि दोघांनी मिळून एकमेकांची चव मारली. साडेनऊला ताटे उचलली गेली. सव्वादहाला भांडी घासून झाल्यावर, कॅराफ रिकामी करून धुवावी म्हणून उरलेली वाईन ग्लासात ओतली, तर ती अप्रतिम होती. त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला ग्लास मी ओल्या हातांनी, सिंकजवळ उभा राहून प्यायलो. असे एकदा झाले असते तर दोष त्या बाटलीला दिला असता; पण मागे वळून पाहिले तेव्हा गेल्या दोन वर्षांत हेच निदान सहा-सात वेळा घडले असल्याचे लक्षात आले. अधिक आधी उघडावी, अधिक जुनी घ्यावी, हे सर्व उपाय खरे आहेत. फक्त आठवड्यातल्या साध्या संध्याकाळी, दुपारी तीन वाजता बूच काढायला घरी कोण असते?

त्यानंतर मी दक्षिणेकडच्या गाडीत बसलो. तँ-एर्मिताज स्थानकाजवळ येताना डब्याच्या खिडकीतूनच एर्मिताजचा डोंगर दिसतो: पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेला, दीडशे हेक्टरही न भरणारा, आणि म्हणूनच परवडण्यापलीकडचा. त्याच्या भोवताली पसरली आहे ती क्रोझ-एर्मिताज, आणि नदीपलीकडच्या चढांवर सें-जोसेफ. दोन्हीकडची तांबडी वाईन सिरा द्राक्षाची, म्हणजे आपल्या ओळखीच्या शिराझचीच. बाटलीवर मात्र द्राक्षाऐवजी बहुधा जागेचेच नाव असते, त्यामुळे ही सोयरीक चटकन ध्यानात येत नाही. उष्ण प्रदेशातील शिराझमध्ये जो मुरांब्यासारखा गोडसर भरीवपणा असतो, तो येथे कमी होतो आणि त्या जागी काळी मिरी येते. ही केवळ उपमा नव्हे: रोटंडोन नावाचे जे द्रव्य मिरीला तिचा वास देते तेच सिराच्या सालीतही असते, आणि हवा थंड असेल तेथे ते अधिक जाणवते. मटणाच्या मसाल्यातील मिरीशी तिचे जुळते ते बहुधा याचमुळे, असे मला वाटते. महत्त्वाचे म्हणजे १५ ते २० युरोंची तीन वर्षांची क्रोझ मी सव्वासातला उघडतो आणि आठ वाजता ती जेवायला तयार असते. गंमत अशी की अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बोर्दोचे व्यापारी आपल्या फिकट वाईनला अंग यावे म्हणून तीत एर्मिताजची वाईन मिसळत, आणि अशा वाईनला तेव्हा ‘एर्मिताजे’ असा शब्दच होता.

रोनच्या दक्षिण भागाविषयी माझे मत थोडे सावध आहे. तेथे ग्रनाश या द्राक्षाचे राज्य. शातोनफ-द्यु-पापचे गोल गोटे, जिगोंदासच्या टेकड्या, भरपूर ऊन, आणि त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण सहज साडेचौदा टक्के. जिभेला ती वाईन लगेच आवडते, पाहुण्यांना तर विशेष; परंतु तिखट जेवणाबरोबर तो मद्यार्क तिखटाची आग आणखी भडकवतो. भाजलेले कोकराचे मांस असेल तर जरूर घ्यावी.

बर्गंडी प्रदेशातली पिनो न्वार द्राक्षाची वाईन शिराझच्या चाहत्याला प्रथमदर्शनी पातळ वाटण्याची शक्यता आहे, आणि तेथे भाऊबंदकीच्या वाटण्यांचा गुंता वेगळाच. क्लो द व्हूजो हा एकाच भिंतीआडचा पन्नास हेक्टरांचा मळा, पण मालक ऐंशीच्या आसपास. नाव एक आणि वाईन मात्र ज्याची त्याची. बोजोले प्रदेशातील मोरगों किंवा मुलँ-आ-व्हाँ या वाईन उन्हाळ्यासाठी उत्तम. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येणाऱ्या नव्या वाईनवरून त्यांची परीक्षा करू नये.

ज्यांच्या घरी वाईन ठेवायला थंड, अंधारी जागा आहे आणि मनात उतावीळपणा नाही, त्यांनी बोर्दो अवश्य घ्यावी. मी स्वतःही दरवर्षी दोन-तीन बाटल्या मागे टाकून ठेवतो. इतरांनी क्रोझपासून सुरुवात करावी आणि जमल्यास २०२१ ची निवडावी, कारण त्या थंड वर्षी मिरी अधिक उतरली. २०२२ च्या उन्हाळ्यातली वाईन अधिक पिकलेली, शिराझच्या अधिक जवळची आहे. बूच काढण्यापूर्वी बाटली वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी, कारण आपल्याकडच्या खोलीचे तापमान म्हणजे फ्रेंच पुस्तकांतल्या खोलीचे तापमान नव्हे.